तबलजी कहोनवर, पियानोवाली की-बोर्डवर : कव्हर बँडविषयी वाचकांचे प्रश्न

दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या हौशी बँडमध्ये पाच माणसं पाच वेगळ्या शाळांतून आलेली असतात. या वेळच्या पत्रांत तक्रारी निरनिराळ्या दिसल्या, तरी बहुतेकांचं मूळ तिथेच आहे. माणूस कुठे शिकला हे कळलं, की तो कुठे अडखळणार याचा अंदाज आधीच बांधता येतो.

प्रश्न : आमच्यात शास्त्रीय गाणं शिकलेली गायिका, तबलजी, पियानोच्या परीक्षा दिलेली की-बोर्डवादक आणि व्हिडिओ पाहून शिकलेले दोन गिटारवाले आहेत. एक सरगम मागते, एक स्टाफ नोटेशन, बाकीचे कॉर्ड. गाणं कागदावर लिहायचं कसं?

उत्तर : आकड्यांत लिहा. ज्या सुरावर गाणं बसलंय तो 1, आणि त्याच्या सप्तकातले पुढचे सूर 2 ते 7. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीस ‘जॉर्डनेअर्स’ या गायकांच्या चमूतले नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत रुळवली. गायकासाठी ऐन वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. सरगम जाणणाऱ्याला तर ती निम्मी येतच असते: 1 म्हणजे सा, 4 म्हणजे म, 5 म्हणजे प. ‘1 – 5 – 6मा – 4’ (‘मा’ म्हणजे मायनर) असं लिहिलं, की गिटारवाला सी पट्टीत सी, जी, ए मायनर, एफ वाजवेल आणि गायिकेला कळेल की साथ सा, प, ध, म या सुरांवरून फिरते आहे.

एका गाण्याला एकच पान. एका ओळीत चार बार, म्हणजे चार-चार मोजण्याचे चार गट. ओळीच्या डाव्या टोकाला मुखडा, अंतरा, मधलं संगीत असं नाव आणि उजव्या टोकाला ‘ड्रम बंद’, ‘फक्त गिटार’ अशा सूचना. एका बारमध्ये दोन कॉर्ड येत असतील तर दोन्ही आकड्यांखाली मिळून एक रेघ ओढा.

घोळ होतो तो मायनरच्या गाण्यात. ए मायनरमधल्या गाण्याला पियानो शिकलेली व्यक्ती अनेकदा सी मेजरचं भावंड समजते आणि ए मायनरला 6मा लिहिते. गायिकेचा सा मात्र ए वर असतो, म्हणून तिच्या लेखी तोच 1मा. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच कागदावर दोन्ही आले की तालीम बंद पडते. आमचं मत गायिकेच्या बाजूने: जिथे तिचा सा, तिथे 1.

नव्या माणसाला ‘किती वर्षं शिकलात?’ हे विचारून फार काही हाती लागत नाही. त्यापेक्षा चार गोष्टी विचारा. समोर काय ठेवलं तर वाजवता येतं? लय कशाच्या आधाराने धरता: टाळी, मेट्रोनोम, की मूळ रेकॉर्डिंग? ऐन वेळी पट्टी बदलली तर किती वेळ लागतो? आणि शेजारचा चुकला तर तुम्ही थांबता की पुढे जाता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, वाजवून घ्या.

प्रश्न : गायिका म्हणते, ‘माझी पट्टी काळी 4.’ प्रत्येक गाणं तिथे आणलं तर गिटारवाले वैतागतात, आणि काही गाणी तिलाच झेपत नाहीत. असं का?

उत्तर : कारण ‘काळी 4’, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुरावर सा, ही तिच्या रियाजाची पट्टी आहे. ख्यालात सा असा ठेवतात की खाली मंद्रात आणि वर तारात, दोन्हीकडे मोकळीक राहते. तयार गाण्याचं तसं नसतं. एखादं गाणं मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरतं, तर एखाद्याचा मुखडाच तार गंधारावर सुरू होतो. पहिलं काळी 4 मध्ये तिला पुटपुटल्यासारखं लागेल आणि दुसऱ्यात ती ओरडेल.

पट्टी गाण्यातल्या सगळ्यात वरच्या सुरावरून ठरवा. गायिकेला भर आवाजात, सलग तीनदा, गळा न ताणता म्हणता येईल असा वरचा सूर शोधा. समजा, तो तार सप्तकातली पांढरी 2 (डी) आहे. मूळ गाणं पांढरी 2 मध्ये आहे आणि त्याचा वरचा सूर तार गंधार, म्हणजे काळी 3 (एफ शार्प). काळी 3 वरून पांढरी 2 पर्यंत चार स्वरांतरं (काळे-पांढरे सगळे धरून लगतच्या दोन सुरांमधलं अंतर ते एक) उतरावी लागतात. तेव्हा सगळं गाणं चार स्वरांतरं खाली: पांढरी 2 वरून काळी 5 (ए शार्प, म्हणजेच बी फ्लॅट). गिटारवाल्याने पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ‘ए’चे आकार धरावेत, नाहीतर तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून ‘जी’चे. दोन गिटार असतील तर एकाने पहिला आणि दुसऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा. कॉर्ड त्याच, पण तारांची रचना वेगळी पडते आणि दोन गिटार एकमेकांवर चढत नाहीत.

बँडमध्ये ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन असेल तर आणखी एक हिशेब आहे. ही वाद्यं लिहिलेल्या सुरापेक्षा वेगळा सूर काढतात. बाकीचे सी वाजवतात तेव्हा ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोनवाल्याने डी धरायचा, आल्टो सॅक्सोफोनवाल्याने ए. गिटारवाल्यांची लाडकी ‘ई’ पट्टी ट्रम्पेटवाल्याला सहा शार्पांची पडते, आल्टोवाल्याला सात शार्पांची. वरची काळी 5 मात्र ट्रम्पेटसाठी सरळ सी होते आणि आल्टोसाठी जी. वाऱ्याच्या वाद्यावर शिकलेला माणूस ‘ई’ मध्ये सारखा चुकत असेल, तर त्याच्या तयारीला दोष देण्याआधी हा हिशेब पाहा.

प्रश्न : आमची गायिका तानपुऱ्यावर अगदी सुरेल. की-बोर्डबरोबर लांब सूर धरला की मात्र काहीतरी खटकतं. ट्यूनर दाखवतो की ती ‘खाली’ आहे. तिचं चुकतंय का?

उत्तर : नाही. दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणूनच खटकतं.

तानपुऱ्यावर तयार झालेला कान शुद्ध गंधार सर्वसाधारणपणे सा च्या सव्वापट लावतो. की-बोर्डचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, म्हणून त्याचा गंधार किंचित वर बसतो. सेंटच्या भाषेत (एका स्वरांतराचे शंभर सेंट) तिचा 386 वर आणि की-बोर्डचा 400 वर, म्हणजे 14 सेंटचा फरक. काळी 4 चा सा सुमारे 207.7 हर्ट्झ धरला तर तिचा गंधार 259.6 आणि की-बोर्डचा 261.6 होतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू येतात. कोमल गंधारात उलटं होतं: ती 316 वर आणि की-बोर्ड 300 वर, म्हणजे या वेळी तिचा सूर वर. शुद्ध धैवताचा फरक जवळपास 16 सेंट. पंचमात तो दोनच सेंट आहे, म्हणून पंचमावर थांबलं की सगळं छान वाटतं.

उपाय दोन्ही बाजूंनी करायचे. जिथे ती गंधारावर थांबते तिथे की-बोर्डने कॉर्डमधला गंधार सोडून नुसता सा-प धरावा. कॉर्ड पूर्ण होण्यापुरता गंधार ती गातेच आहे. त्या जागी ऑर्गन किंवा व्हायोलिनच्या ताफ्यासारखा लांबणारा आवाज लावू नका. पियानोचा सूर लगेच ओसरतो आणि कान माफ करतो. लांबणारा आवाज हेलकावे शेवटपर्यंत दाखवत राहतो.

गायिकेने रोज पाच मिनिटं तानपुरा बंद ठेवावा. की-बोर्डवर एकच सूर दाबून ठेवायचा, त्यात आपला सूर हेलकावे थांबेपर्यंत मिसळायचा, मग की सोडून तोच सूर एकटीने धरायचा आणि पुन्हा की दाबून ताडून पाहायचा. हे ‘सूर बिघडवणं’ आहे अशी भीती काही शिक्षकांना वाटते. आम्हाला वाटत नाही. समोर कोणतं वाद्य आहे ते पाहून सूर लावणं हाही तयारीचाच भाग.

दुसरी अडचण कॉर्ड फिरण्याची. तानपुऱ्यावर सा हलत नाही. बँडमध्ये 4 ची कॉर्ड आली की तिचा सा त्या कॉर्डचा पंचम होतो आणि धैवत तिचा गंधार. तेवढ्यात ती मध्यमावर रेंगाळली आणि साथ 1 वर परतली, तर मध्यम आणि कॉर्डमधला गंधार एकमेकांना चिकटून टोचतात. हरकत कशीही घ्या, पण थांबायचा सूर पुढे येणाऱ्या कॉर्डमधला निवडा. शेवटच्या मुखड्याला पट्टी एका स्वरांतराने चढत असेल तर नव्या सा कडे जुन्या सा चा कोमल रिषभ म्हणून पाहायचं. झेप घ्यायची भीती जाते.

आणि आलापाची लांबी आधी ठरवा: चार बार किंवा आठ. ‘रंगला की थांबेन’ हे तबल्याच्या साथीला चालतं. आकडे मोजत बसलेला गिटारवाला नवव्या बारला मुखडा सुरू करणारच.

प्रश्न : तबलजी आता कहोन (वर बसून समोरच्या पाटीवर हाताने वाजवायचा लाकडी खोका) वाजवतो. हात उत्तम, पण गाणी ‘ढोलकीची’ वाटतात आणि शेवटी शेवटी पळतात.

उत्तर : पहिली तक्रार वजनाची. चार-चारचा बार आठ मात्रांत मोजला तर तो केरव्यावर जसाच्या तसा बसतो:

धा गे ना ती | ना क धी ना

पॉप-रॉकच्या ठेक्यात जोराचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मोजणीवर, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो: पहिला ‘ना’ आणि ‘धी’. तबलजीचा हात समेच्या ‘धा’ला वजन देण्यात तयार झालेला असतो आणि चौथ्या मात्रेच्या ‘ती’ला लाडाने उचलण्यात. ती सवय सुटली नाही तर बोल बदलूनही गाणं केरव्यातच राहतं. कहोनवर सुरुवातीला एवढंच वाजवावं: 1 आणि 5 ला पाटीच्या मध्याजवळ तळव्याने भारी ठोका, 3 आणि 7 ला वरच्या कडेला कोरडा ठोका. मधल्या मात्रा मोकळ्या. पंधरा मिनिटं हे कंटाळवाणं वाजवता आलं, की मग बोटं आत घालावीत. तबल्याची नाजूक बोटं कहोनवर माइकशिवाय पोहोचत नाहीत, म्हणून तळवा.

डुलत्या चालीच्या गाण्यांत, जिथे प्रत्येक मोजणीचे तीन भाग पडतात, तिथे केरवा विसरायचा. तो दोनदा घेतलेला दादरा आहे: बारा मात्रा, जोर चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर.

आता पळण्याबद्दल. लय चढवत नेणं, शेवटी लग्गी (जलद बोलांचा ठेका) लावणं हे तबल्यात कौतुकाचं आहे, त्यामुळे हाताला त्यात काही गैर वाटत नाही. गाण्याची लय मिनिटाला 112 असेल तर मेट्रोनोम 56 वर लावा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मोजणीवर आली असं माना. पहिली मोजणी स्वतः धरावी लागते, त्यामुळे पळालं की लगेच पायाखालून टिकटिक सरकते. पहिले दोन-तीन दिवस चांगलीच चिडचिड होते.

तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) कार्यक्रमात एक-दोनदाच, तीही गाण्याच्या अखेरीला. मधल्या जागा भरताना चार किंवा आठ बारांच्या टोकाला एकच बार घ्यायचा आणि पुढच्या पहिल्या मोजणीवर मोकळा ठोका द्यायचा. गायिकेच्या ओळीवर टाकलेली दोन बारांची तिहाई कितीही बिनचूक असली तरी अंतरा कुठे सुरू झाला हे कुणालाच कळत नाही.

माइक एकच असेल तर मागच्या भोकाजवळ, पण अगदी समोर नको, थोडा तिरका. नाहीतर हवेचा धक्का माइकमध्ये ‘भप्प’ करतो. पुढे आणि मागे दोन माइक लावले तर मिक्सरवर एकाची पोलॅरिटी उलटी करून ऐका. पाटी पुढच्या माइकपासून दूर जाते तेव्हाच मागच्याकडे हवा ढकलते, म्हणून दोन आवाज एकमेकांना खातात आणि भारी ठोका पातळ होतो.

प्रश्न : की-बोर्डवादक आठव्या ग्रेडपर्यंत पियानो शिकलेली आहे. ती वाजवायला लागली की बास गिटार ऐकूच येत नाही.

उत्तर : एकट्या पियानोला सगळं गाणं पेलायचं असतं, तशीच तिची तालीम झालेली आहे. बँडमध्ये निम्मं काम दुसऱ्यांनी उचललेलं असतं. बास गिटारच्या चार मोकळ्या तारा सुमारे 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या. डावा हात तिथे उतरला की बास गढूळ होणारच. मधल्या ‘सी’च्या खालचा ‘सी’ (सुमारे 131 हर्ट्झ) ही डाव्या हाताची हद्द ठेवा. बास वाजत असेल तर डावा हात मांडीवर ठेवूनही चालतो.

बाजारात मिळणाऱ्या पियानोच्या नोटेशनमध्ये उजवा हात बहुधा गाण्याची चालच वाजवतो. ती काढून टाका, नाहीतर गायिकेने घेतलेली प्रत्येक लहानशी हरकत चूक वाटते. उजव्या हाताने कॉर्ड अशा धराव्यात की बोटं कमीत कमी हलतील. 1 – 5 – 6मा – 4 साठी सी पट्टीत: जी-सी-ई, जी-बी-डी, ए-सी-ई, ए-सी-एफ. 5 वरून 6मा वर जाताना तिन्ही बोटं एकेक पायरी वर जातात, बाकी वेळी एक-दोन बोटंच सरकतात. सस्टेन पेडल प्रत्येक कॉर्डच्या बदलाला सोडायचं.

प्रश्न : दोन गाण्यांत हार्मोनियम आणि बासरी घेतो. गिटार ट्यूनरवर लावलेली असूनही जुळत नाही.

उत्तर : ट्यूनर ए = 440 धरतो, तुमची पेटी 442 किंवा आणखी वेगळ्या जागी लावलेली असेल. 440 आणि 442 मध्ये जेमतेम 8 सेंटचा फरक, पण तो ऐकू येतो. पेटी मंचावर लावता येत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे जायचं. पेटीचा ‘ए’ (पांढरी 6) दाबून ट्यूनरवर आकडा पाहा, ट्यूनरचं कॅलिब्रेशन तेवढंच करा, आणि की-बोर्डचं मास्टर ट्यूनिंगही. पेटीचा भाता रोज देता तितक्याच जोराने द्या, कारण दाब बदलला की सूरही किंचित हलतो. त्या गाण्यात आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक वाजणार असेल तर मात्र हा मार्ग बंद. मग पेटी सोडून की-बोर्डवर पेटीचा आवाज घ्या.

बासरीचा सूर हवा तापली की चढतो, दर अंश सेल्सिअसला साधारण 3 सेंट. पेटीच्या धातूच्या पट्ट्या तापल्यावर किंचित उतरतात. म्हणजे गर्दीने तापलेल्या सभागृहात दोघी विरुद्ध दिशांना जातात. ही गाणी कार्यक्रमाच्या मध्यावर असतील तर जुळणीही त्याच्या आधीच, मंचावर करा. सकाळी केलेली उपयोगाची नाही.

प्रश्न : गिटारवाला घरी मूळ रेकॉर्डिंगबरोबर एकही चूक करत नाही. आमच्याबरोबर कोसळतो.

उत्तर : रेकॉर्डिंग कधी चुकत नाही, कधी थांबत नाही आणि तो चुकला तरी त्याला पुढे ओढून नेतं. माणसं तसं करत नाहीत. घरच्या सरावात रेकॉर्डिंग सुरू ठेवून आवाज आठ बार बंद करायचा, वाजवत राहायचं, मग आवाज वाढवून पाहायचं की दोघं एकाच जागी आहेत का. जमलं की सोळा बार. तालमीत मुद्दाम अंतऱ्याच्या मधूनच सुरू करा. पहिल्यापासूनच वाजवायची सवय असलेल्याला हे फार जड जातं, म्हणूनच करायचं.

मंचावरचं अंतरही पाहा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. ड्रमपासून दहा मीटरवर उभ्या असलेल्याला ठोका जवळपास 29 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि तो तेवढाच मागे पडतो. त्याला ड्रमजवळ आणा किंवा त्याच्या मॉनिटरमध्ये ड्रम द्या. घरी एकट्याने ऐकून ठरवलेला त्याचा आवाज बहुधा फार भारी आणि फार घुमणारा असतो: बास कमी, गेन निम्मा, रिव्हर्ब जवळपास बंद. त्याला स्वतःला तो पातळ वाटेल. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत उभं करून ऐकवा.

प्रश्न : कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येकाची सांगीतिक पार्श्वभूमी द्यायची आहे. काय लिहावं?

उत्तर : माणशी चाळीस शब्द पुरतात. आधी वाद्य, मग कुठल्या पद्धतीचं शिक्षण आणि कुठपर्यंत, मग या बँडमधलं काम. परीक्षा पूर्ण झाली असेल तरच तिचं नाव. ‘विशारद’ आणि ‘विशारदचा अभ्यास’ यांत फरक आहे आणि वाचणाऱ्यांत जाणकार असतातच. दोन दिवसांच्या कार्यशाळेवरून कुणाला गुरू म्हणू नका, आणि शिक्षकांचं नाव छापण्याआधी त्यांना विचारा. ‘सर्व प्रकारच्या संगीताची आवड’ हे वाक्य पाचही जणांनी पाठवलेलं असतं, ते पाचही ठिकाणी खोडा. नमुना असा:

‘कहोन आणि तालवाद्ये. बारा वर्षे तबल्याचे शिक्षण. कथक आणि सुगम संगीताला साथ. बँडमध्ये गेली दोन वर्षे. तिसऱ्या गाण्यातला सात मात्रांचा ठेका त्यांनी बसवला आहे.’

शेवटच्या वाक्यासारखं एखादं वाक्य प्रत्येकाच्या परिचयात मिळवाच. ऐकणारा त्या गाण्याला कान टवकारतो.